माझ्या देखरेखीखाली

६ जानेवारी, सोमवार

आज एक पोरगी माझ्या गळ्यात बांधली. नाव चैताली, वय तेवीस, गाव इचलकरंजी. नर्सिंगची पदवी हातात आहे, पण या परक्या देशातल्या नर्सिंग बोर्डाची परीक्षा अजून व्हायची आहे. तोवर तात्पुरता परवाना. म्हणजे ती नर्स आहेही आणि नाहीही. औषध द्यायचं तर मी शेजारी हवी, सुई टोचायची तर मी बघत हवी. परीक्षा पास झाली आणि माझा अहवाल चांगला गेला तर पक्की नोंदणी. यातलं एक जरी बिघडलं तरी बॅग भरून घरी.

आमच्या वॉर्डच्या मॅनेजर सिस्टर रोहाया म्हणाल्या, "उल्का, तुमची दोघींची भाषा एक आहे ना, म्हणून तुझ्याकडे देते."

भाषा एक म्हणून. काम चांगलं म्हणून नव्हे. वीस वर्षं या हॉस्पिटलात काढल्यावर हे ऐकायचं.

मुलगी बरी वाटते. जरा जास्तच हसते.

८ जानेवारी, बुधवार

बारा नंबरच्या मादाम ओंग शहाऐंशीच्या आहेत. पक्षाघातानंतर साधं पाणी गिळता येत नाही, ठसका लागतो. म्हणून सगळं पावडर घालून दाट करून चमच्याने द्यायचं. त्यात साखरेचा आजार. त्या कुणाच्या हातून जेवत नाहीत, फक्त माझ्या. त्यासाठी मी हॉक्किएन या त्यांच्या चिनी बोलीतली चार वाक्यं घोकली होती, आणि त्यांनी तोंड उघडेपर्यंत माझे तीन आठवडे गेले होते.

आज मी चैतालीला म्हटलं, भरवून बघ. मनात म्हटलं, बघू या.

तिला एक शब्द येत नाही. तिने म्हातारीच्या गालाला हात लावला आणि सरळ मराठीत म्हणाली, "आज्जी, आ करा बघू." मादाम ओंगनी आ केला. वाटी संपली. वर तिच्या दंडावर थोपटलं.

भूक लागली असेल. कधी कधी लागते.

१२ जानेवारी, रविवार

चैतालीला जेवायला बोलावलं. आमचे हे, चंद्रशेखर, मागे लागले होते, "एकटी पोर आहे, दोन स्टॉपवर राहते, बोलव की." आली ती मिरच्या आणि शेंगदाणे घेऊन, आणि माझ्याच ओट्यावर माझ्याच तव्यात खर्डा केला. चंद्रशेखरनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांच्या इंजिनांचे रिपोर्ट वाचून यांना आताशा भूक लागत नाही म्हणे. आज लागली.

ते एक असो. पण गार्गी!

माझी सतरा वर्षांची मुलगी माझ्याशी मराठीत शेवटचं कधी बोलली मला आठवत नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असाच आमचा संसार चाललाय. आज ती चैतालीला म्हणाली, "दीदी, तुला माझी खोली बघायची आहे का?" पूर्ण वाक्य. क्रियापदासकट. दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हसण्याचे आवाज येत होते. मी बाहेर भांडी घासत होते.

चैताली मला हॉस्पिटलात सिस्टर म्हणते आणि घरी काकू. मी काकू दिसते का?

१४ जानेवारी, मंगळवार

तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येतो. रोग्यांना त्रास होत असेल. सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज वास नव्हता. सकाळी केस धुऊन आली होती, नीट सुकलेही नव्हते. "बरं झालं सांगितलंत, सिस्टर," म्हणाली. हिला राग कसा येत नाही?

१८ जानेवारी, शनिवार

नव्या डॉक्टरने आज राउंडला तिला उभं करून एक्स-रे समजावून सांगितला. तिने प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. मी ट्रॉली धरून उभी होते. मला वीस वर्षांत कुणी एक्स-रे समजावला नाही, मी आपली बघून बघून शिकले.

मी आले तेव्हा हे तात्पुरतं वगैरे मला कुणी दिलं नव्हतं. मिरजेत चार वर्षं वॉर्ड सांभाळून आलेली मी इथे दोन वर्षं नुसती अंघोळी घालत होते आणि बेडपॅन धूत होते. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. तेव्हा रडायला जागा नव्हती, म्हणून लिननच्या खोलीत रडायचे. हिच्यासाठी सगळं तयार आहे. परवाना, शिकवायला मी, जेवायला माझं घर.

अर्थात मी तिचं वाईट चिंतत नाही. मी फक्त कडक आहे. कडक असलंच पाहिजे, रोग्यांचा प्रश्न आहे. मधल्या मूल्यमापनात मी तिला 'समाधानकारक' दिलं. सिस्टर रोहायांनी विचारलं, "फक्त समाधानकारक?" मी म्हटलं, घाई कशाला.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी बसमध्ये चैताली बोलता बोलता म्हणाली, "गार्गीने तुम्हाला पॉलीटेक्निकच्या अर्जाचं सांगितलं ना?" मी म्हटलं, काय सांगायचंय? तिचा चेहराच पडला. "काही नाही काकू, ती सांगेल." पुढे सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत बसली.

माझ्या मुलीचं काहीतरी हिला ठाऊक आहे आणि मला नाही. सकाळभर तेच डोक्यात.

दुपारी मादाम ओंगना जेवणाआधीचं इन्सुलिन चैतालीने दिलं, मी शेजारी उभी होते. मग म्हटलं, "भरव. मी दहा मिनिटांत येते. तोवर माझ्याशिवाय कुणाला दुसरं काही द्यायचं नाही." आणि जिन्यात जाऊन गार्गीला फोन लावला. ती म्हणाली, "मी सांगणार होते, पण तू ओरडतेस. सी, यू आर ऑलरेडी स्कोल्डिंग, लाह." प्रत्येक वाक्याला इथलं ते 'लाह' लावायचंच. मग मी खरोखरच ओरडले. तिने फोन ठेवला, मी पुन्हा लावला. मग तिथेच पायरीवर बसून राहिले. किती वेळ ते कळलं नाही. दहा मिनिटं नक्कीच नव्हती.

परत आले तर बारा नंबरचा पडदा ओढलेला. मादाम ओंगना दोन चमच्यांनंतर ठसका लागला, म्हणून चैतालीने जेवण थांबवलं होतं. पण इन्सुलिन तर पोटात, म्हणजे अंगात, गेलेलं. थोड्या वेळाने म्हातारीला दरदरून घाम सुटला, बोलताना जीभ अडखळायला लागली. चैतालीने साखर तपासली, फार खाली. बेल दाबली. वॉर्डातल्या बाकीच्या दोघी नर्स पलीकडच्या खोलीत एका बेशुद्ध पडलेल्या रोग्याशी झटत होत्या. माझा वॉर्डचा फोन काउंटरवर पडून वाजत होता. तो मी बरोबर नेलाच नव्हता.

मग तिने ग्लुकोजचं पाणी पावडर घालून दाट केलं, मान उचलून चमचा चमचा दिलं आणि साखर पुन्हा तपासली. मी पोचले तेव्हा आकडा वर चढायला लागला होता.

"बरं झालं आलात, सिस्टर," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, "माझ्याशिवाय काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"हो सिस्टर."

यात एकही गोष्ट चुकीची केली नव्हती तिने. मीही हेच केलं असतं. कदाचित पावडर घालायला घाबरून विसरले असते.

हे शेवटचं वाक्य उगाच लिहिलं. मी विसरले नसते.

२४ जानेवारी, शुक्रवार

मादाम ओंगची मुलगी चिनी नववर्षासाठी अननसाच्या टार्टचे डबे घेऊन आली. काउंटरपाशी सगळ्यांसमोर तिने चैतालीचे दोन्ही हात धरले आणि सिस्टर रोहायांना म्हणाली, "आई सांगते, या मुलीने एकटीने तिला वाचवलं. कुणीसुद्धा नव्हतं. एकटीने!"

बाईने कौतुक केलं, पण त्या एका शब्दाने सिस्टर रोहायांचा चेहरा बदलला. तात्पुरत्या परवान्यावरची नर्स एकटीने काही करू शकत नाही. केलं तर परवाना जातो.

एक डबा मलाही दिला. 'वॉर्डसाठी' म्हणून. चैतालीच्या डब्यावर तिचं नाव होतं.

२७ जानेवारी, सोमवार

सिस्टर रोहायांनी दोघींना आत बोलावलं. आधी मला विचारलं.

मी म्हटलं, "मी तिला स्पष्ट सांगितलं होतं की माझ्याशिवाय काही द्यायचं नाही."

"तू कुठे होतीस?"

"जवळच."

जिना वॉर्डच्या दाराला लागूनच आहे. जवळच म्हणतात त्याला.

मग चैतालीला विचारलं. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही. "सिस्टर उल्कांनी सांगितलं होतं. मी थांबले नाही. माझी चूक झाली," म्हणाली.

चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला रोग्यांना हात लावायचा नाही. चादरी बदलायच्या, कपाटं लावायची. परवाना काढून घ्यावा असं बोर्डाला कळवायचं की नाही ते पुढच्या आठवड्यात ठरेल. परीक्षा बारा फेब्रुवारीला आहे.

मला तिचा भयंकर राग आला. मला तिची मेहेरबानी नको होती. तिने सांगायला हवं होतं की सिस्टर जिन्यात होत्या, फोन काउंटरवर होता. मग मी तरी बोलले असते. पण नाही, इथेही हिलाच चांगलं ठरायचंय.

२८ जानेवारी, मंगळवार

मादाम ओंग जेवल्या नाहीत. माझी सगळी हॉक्किएन बोलून झाली. त्या माझ्यामागे दाराकडे बघत होत्या. दारातून चैताली चादरींचा ढीग घेऊन गेली, मान खाली घालून.

संध्याकाळी जेवताना चंद्रशेखरना वॉर्डातली गोष्ट सांगितली, म्हणजे वरवर. नावं न घेता. ते म्हणाले, "आमच्याकडे चीफ इंजिनियर जागेवर नसताना ज्युनियरने वेळेवर पंप बंद केला तर ज्युनियरला शाबासकी देतात. आणि चीफला विचारतात, बाबा रे, तू कुठे होतास?" आणि आमटी वाढून घेतली.

यांना प्रत्येक गोष्टीत जहाज घुसडायची सवय आहे.

३० जानेवारी, गुरुवार

चिनी नववर्षाची सुट्टी. खाली सिंहनृत्याचे ढोल वाजतायत. चंद्रशेखर झोपले आहेत. गार्गी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"चैतालीदीदी माझा फोन घेत नाही. तू तिला काय केलंस?"

मी म्हटलं, मी काय करणार, हॉस्पिटलचं काहीतरी आहे. मग मीच विचारलं, "तुझं काय गुपित आहे ते सांगून टाक."

गार्गी ओट्याला टेकली. "पॉलीत मी नर्सिंग फर्स्ट चॉईस टाकलं."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "हे तिने भरवलं तुझ्या डोक्यात?"

"नो! ती म्हणाली, आईशी आधी बोल. एव्हरी सिंगल टाइम, सेम थिंग."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू लहानपणापासून म्हणतेस, माझ्यासारखी होऊ नको. घरी येतेस, पाय दुखले म्हणतेस, झोपतेस. तू काय करतेस तिथे, मला ठाऊकच नव्हतं. सो आय आस्क्ड हर." मग ती मराठीत बोलली, शब्द शोधत, अडखळत. "ती म्हणाली, आई रोग्याला कुशीवर वळवते ना, तर झोपलेल्या माणसाला कळत पण नाही. ती म्हणाली, तिला तसं यायला टेन इयर्स लागतील. ती रोज तुझे हात बघते."

मी गॅस बंद केला.

मला काय वाटायला हवं होतं ते कळतं मला. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा काय वाटलं? की माझ्या हातांची गोष्ट माझ्या मुलीला सांगायची होती ती मी. ती माझी होती. तीसुद्धा हिने सांगून टाकली, आणि माझ्यापेक्षा बरी सांगितली.

गार्गीला म्हटलं, "जेवून घे." ती जेवली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सिस्टर रोहायांनी मला आत बोलावून दार लावलं. म्हणाल्या, "बहुतेक कळवावंच लागेल बोर्डाला. पण मुलगी हुशार आहे. मी वरती विनंती करून बघते. ऐकलं तर तिला सहा नंबर वॉर्डात जोसलिनकडे देऊ, पहिल्यापासून सुरुवात करू. तुला त्रास झाला, तू सुटशील."

जोसलिन. ती तिच्या देशातून, सेबूहून, आली तेव्हा शीर कुठे शोधायची ते तिला मी दाखवलं होतं. आता ती चैतालीला घडवणार, आणि उद्या चहाच्या खोलीत सगळ्यांना सांगणार, 'ही माझी मुलगी'. चैताली जोसलिनचे हात बघणार. जोसलिनच्या हातात बघण्यासारखं काय आहे? ती अजूनही रोग्याला धसमुसळेपणाने वळवते.

मी उठले होते. दारापर्यंत गेले. आणि वळून म्हटलं, "सिस्टर, मी जवळ नव्हते."

"म्हणजे?"

"जिन्यात होते. मुलीशी फोनवर भांडत. अर्ध्या तासाच्या वर. वॉर्डचा फोन काउंटरवर ठेवून गेले होते. चैतालीने मला शोधलं, बेल दाबली, कुणी आलं नाही. तिने केलं ते सगळं बरोबर केलं. मी शेजारी असते तर तिच्याकडून हेच करून घेतलं असतं."

सिस्टर रोहायांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "हे मागच्या सोमवारी का नाही सांगितलंस?"

खरं उत्तर काय आहे ते मला शोधावं लागलं. "तिचं सगळे कौतुक करत होते," मी म्हटलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडून हे इतकं लहान वाटलं की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

त्या हसल्या नाहीत. "उल्का, तुझ्याकडे ती का दिली माहीत आहे? भाषा एक, हे कारण सांगितलं, कारण दुसरं सांगितलं असतं तर तू मला 'फार काम आहे' म्हणाली असतीस. कौतुक केलं की नेहमी हेच म्हणतेस."

"दुसरं कारण काय?"

"जा आता, वॉर्डात माणसं कमी आहेत," म्हणाल्या.

आता तरी तिला माझ्याकडेच ठेवतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

नाही ठेवलं.

बोर्डाला काही कळवणार नाहीत, चैतालीवर ठपका नाही, परवाना तसाच. माझ्या फाइलला लेखी समज, आणि वर्षभर माझ्याकडे कुणाला शिकायला द्यायचं नाही. म्हणून चैताली सहा नंबरला, जोसलिनकडे. म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तरी गेली असती, आणि उघडलं म्हणूनही गेली.

जाताना ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "तू का नाही बोललीस, मी जिन्यात होते म्हणून?"

ती गोंधळली. "तुम्ही सांगाल असं वाटलं, सिस्टर."

तेवढंच. त्यात मोठेपणा नव्हता, मेहेरबानी नव्हती. तिला नुसतं तसं वाटलं होतं. आठवडाभर ती चादरी उचलत माझी वाट बघत होती.

मी तिला म्हटलं, "परीक्षेत औषधांच्या मात्रांचं गणित दोनदा तपास. मी तिथेच घसरले होते." हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. चंद्रशेखरना वाटतं मी पहिल्याच खेपेला पास झाले.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी चैताली आली, पुस्तकं घेऊन. गार्गीने तिला प्रश्न विचारायचे, तिने उत्तरं द्यायची. मी शेंगा सोलत ऐकत होते. एका उत्तरावर म्हटलं, "चूक." दोघींनी एकदम वर पाहिलं. मग मी शेंगा बाजूला ठेवल्या. संध्याकाळपर्यंत तिघी जमिनीवर बसलो होतो. गार्गीला उशीवर झोपवून मी दोघींना दाखवलं, रोग्याला वळवताना पहिला हात कुठे ठेवायचा. गार्गी म्हणाली, "ममी, आय डिडन्ट इव्हन फील इट."

चैताली 'मला पण, मला पण' म्हणाली. मी म्हटलं, थांब, आधी गार्गीचा नंबर.

११ मार्च, मंगळवार

चैताली पास झाली. तिने पहिला फोन घरी आईला केला, मग मला. जोसलिनला नंतर. हे मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. बरं, मी विचारलं होतं.

गार्गीला पॉलीत नर्सिंगला जागा मागच्या महिन्यातच मिळाली, आता युनिफॉर्मचं माप द्यायला जायचंय. ती म्हणते दीदीबरोबर जाईन. मी म्हटलं, मी सुट्टी टाकलीय.

१९ मार्च, बुधवार

आज चैतालीचा पहिला पूर्ण दिवस होता. देखरेखीशिवाय. मला सहा नंबरमध्ये काही काम नव्हतं. एक व्हीलचेअर परत करायची होती, ती कुणीही केली असती.

दाराच्या काचेतून दिसली. खिडकीजवळच्या बिछान्यापाशी एकटीच उभी होती, औषधाची ट्रॉली शेजारी. रोग्याच्या मनगटावरचं नाव वाचलं, औषध वाचलं, पुन्हा नाव वाचलं. सुई हातात घेतली. आणि टोचण्याआधी क्षणभर थांबून तिने डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग स्वतःशीच मान हलवली आणि टोचलं. हात एकदम स्थिर.

मी नेहमी तिच्या डावीकडे उभी राहायचे.

जोसलिन उजवीकडे उभी राहते. मी चौकशी करून घेतली आहे.